ती दिवसभर बोलून येईल, तुम्ही दिवसभर गप्प असाल

प्रश्न थोडक्यात असा: पत्नीला परदेशातल्या एका भाषासंस्थेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली आहे आणि वर्गासमोर उभं राहायची तिची ही पहिलीच वेळ आहे. पती स्वतःची नोकरी सोडून सोबत जाणार आहेत. तिथली भाषा दोघांनाही येत नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. पहिले काही महिने मी काय करू? तिथे मला काही काम करता येईल का? आणि ती घरी माझ्यावर धड्यांचा सराव करणार म्हणते, तर त्यात पडावं की लांब राहावं?

मी अकरा वर्षं परदेशात इंग्रजी शिकवलं आणि आता नवीन शिक्षकांना तयार करते. माझा नवरा माझ्यासोबत आला होता, म्हणजे तुमच्या जागी तो होता आणि तुमच्या पत्नीच्या जागी मी. त्यामुळे ती वर्गातून घरी येते तेव्हा तिच्यात काय शिल्लक उरलेलं असतं, हे मी तुम्हाला आतून सांगू शकते.

व्हिसा, घर, पैसे हे सगळं महत्त्वाचं आहेच, त्याकडे येते. पण माझ्या पाहण्यातल्या ज्या जोडप्यांचं बिनसलं, त्यांचं कागदपत्रांवरून क्वचितच बिनसलं. बिनसलं ते रात्री साडेनऊला.

भाषासंस्थांचे बरेचसे वर्ग लोकांच्या शाळा-कचेऱ्या सुटल्यावर भरतात, म्हणजे संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. मी साडेनऊला घरी पोचायचे. कुलपात किल्ली घालायच्या आत नवऱ्याची पावलं दाराकडे येताना ऐकू यायची. दिवसभरात त्याने एखाददुसऱ्या माणसाशी हातवारे करून काम भागवलेलं असायचं, बाकी घरात शुकशुकाट. मी चपला काढेपर्यंत त्याचं सुरू झालेलं असायचं: पोस्टात काय झालं, खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात थांबवून काय म्हणत असाव्यात, गरम पाणी पुन्हा कसं बंद पडलं. मी म्हणायचे, "हं." तो थांबायचा. मी पुन्हा, "हं." त्याला वाटायचं मी रागावले आहे. मला वाटायचं, ह्याला दिसत कसं नाही.

नवीन शिक्षकाचं वर्गातलं बोलणं हे आपलं रोजचं बोलणं नसतं. समोरच्याला झेपतील तेवढेच शब्द निवडायचे, वाक्यं आखूड, वेग कमी, चेहरा हसरा, हात चालू, एक डोळा घड्याळावर आणि दुसरा मागच्या बाकावर गप्प बसलेल्या मुलावर. असे पाच-सहा तास गेले की घसा बसतोच, पण शब्द निवडायची शक्तीच संपलेली असते. मराठीतसुद्धा. आणि नेमकं त्याच वेळी तुम्हाला दिवसभरातलं पहिलं धड वाक्य कुणाशी तरी बोलायचं असतं. दोघांची भूक खरी असते, पण एकाची बोलण्याची आणि दुसऱ्याची शांततेची. हे आधी कुणी सांगितलेलं नसेल तर दोघंही ते मनाला लावून घेतात.

आमच्याकडे साधारण दीड महिना असा गेला. मग नवऱ्याने टेबलावर एक वही ठेवायला सुरुवात केली. दिवसभरात जे सांगायचंय ते तो तिथे तीन-चार ओळींत लिहून ठेवायचा. मी येऊन हातपाय धुवायचे, कोमट पाणी प्यायचे, वही वाचायचे. अर्धा तास कुणी काही बोलायचं नाही. त्यानंतर बहुतेक वेळा मीच विचारायचे, "मग त्या आजींचं पुढे काय झालं?" वही तुम्हाला जमेल न जमेल, पण तो अर्धा तास निघायच्या आधीच बोलून ठरवून ठेवा. तिथे गेल्यावर भांडणाच्या मधोमध ठरवायला गेलात तर तो अबोला वाटेल. आणि घसा बसला असेल तेव्हा ती कुजबुजायला लागली तर थांबवा. कुजबुजल्याने घशाला विश्रांती मिळत नाही, ताणच पडतो. त्या दिवशी सरळ लिहून बोलावं.

आता तिचे पहिले दोन-तीन महिने इतके जड का जातात, ते सांगते. इंग्रजी शिकवण्याचं सर्वात नावाजलेलं प्राथमिक प्रशिक्षण म्हणजे केंब्रिजचा सेल्टा. तो किमान १२० तासांचा असतो आणि त्यात खऱ्या विद्यार्थ्यांसमोर स्वतः शिकवण्याचे तास असतात ६. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या प्रमाणपत्रातही शिकवण्याचे तास तेवढेच. म्हणजे उत्तम प्रशिक्षण घेऊन आलेली शिक्षिकासुद्धा एकूण ६ तास वर्गात उभी राहिलेली असते आणि नोकरीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तेवढं शिकवून मोकळी होते. निव्वळ ऑनलाइन केलेल्या टेफलच्या, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या, अनेक कोर्समध्ये तर प्रत्यक्ष शिकवणं नसतंच, नावापुढे १२० तास लिहिलेले असले तरी. तुमच्या पत्नीने ह्यातलं काय केलंय, त्यावर तुमचे पहिले तीन महिने कसे जातील ते बरंचसं ठरेल. नसेल शिकवलं, तर एका तासाच्या वर्गासाठी तिला तास-दीड तास तयारी लागेल, हे गृहीत धरा. ती संध्याकाळी शिकवते म्हणून सकाळी मोकळी आहे असं दिसेल. ती मोकळी नसते. जेवणाच्या टेबलावर पुस्तक उघडून बसलेली असते आणि तुम्ही "फिरून येऊ या का" म्हटलंत की तिला अपराधी वाटतं.

साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यात काहीतरी सुटतं. तेच पुस्तक, तोच धडा दुसऱ्या वर्गाला दुसऱ्यांदा शिकवायची वेळ येते, तयारी निम्म्यावर येते आणि ती घरी येऊन वर्गातल्या गमती सांगायला लागते. तेव्हा गाडी रुळावर आली असं वाटतं. नेमकं तेव्हाच तुमच्याकडे लक्ष द्यायला हवं.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगोर ह्यांनी १९५५ मध्ये, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास मांडला. सहा महिन्यांपेक्षा कमी आणि अठरा महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले लोक त्यातल्या त्यात बरे रुळलेले होते. मधले, म्हणजे सहा ते अठरा महिने राहिलेले, सर्वात कमी. त्यावरून पुढे ती प्रसिद्ध वक्ररेषा आली, आधी वर, मग खोल खाली, मग पुन्हा वर. नंतरच्या अभ्यासांत ती सगळ्यांना लागू पडलेली नाही, आणि मलाही ती जशीच्या तशी कुणात दिसलेली नाही. पण तिने एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की केली: चढउतार प्रत्येकाचा वेगळ्या वेळी येतो. जोडप्यात तर हमखास उलटा येतो. शिकवणारी व्यक्ती पहिल्याच महिन्यात तळाशी जाते. सोबत आलेली व्यक्ती पहिला महिना मजेत असते, सगळं नवं, रस्ते पाहायचे, घर लावायचं. चौथ्या-पाचव्या महिन्यात पाहण्यासारखं संपतं, घर लावून झालेलं असतं, आणि पत्नी स्टाफरूममधल्या कुणाच्या तरी विनोदावर फोनकडे पाहून हसत असते. तिला स्टाफरूम मिळालेली असते. तुम्हाला मिळालेली नसते. तुम्ही ज्याला "पहिले काही महिने" म्हणता आहात ते तुमचे सर्वात सोपे महिने असतील. तयारी त्यांच्यानंतरच्या महिन्यांची करा.

ती करायचा माझ्या माहितीतला खात्रीचा रस्ता एकच: तिथल्या भाषेच्या वर्गात नाव घाला. पोचल्याच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, "जरा स्थिरावलो की बघू" म्हणून न थांबता. अॅप वापरा, जरूर वापरा, पण ते वर्गाची जागा घेत नाही. वर्गात ठरलेल्या वेळी जावं लागतं, तिथे तुमच्यासारखी नुकतीच आलेली माणसं असतात आणि कुणाचे तरी कोण म्हणून नव्हे तर तुमच्या नावाने तुम्हाला कुणीतरी हाक मारतं. तुमचा वर्ग सकाळचा घ्या, म्हणजे तिच्या तयारीच्या वेळी तुम्ही घरात नसाल. दोघांचंही भलं होईल.

किती वेळ लागेल, ह्याचा अंदाज असू द्या. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. कामापुरतं प्रभुत्व यायला स्पॅनिश किंवा इटालियनसाठी वर्गातले सुमारे ६०० ते ७५० तास आणि जपानी, कोरियन, चिनी, अरबीसाठी सुमारे २,२०० तास लागतात, असा त्यांचा अंदाज आहे. हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत. आपल्याला काही ठिकाणी उताराचा रस्ता मिळतो. जपानी, कोरियन आणि तुर्की ह्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि आपल्या "ला", "ने", "त" सारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, त्यामुळे वाक्य उलटं करून विचार करावा लागत नाही. चिनीत आणि थाईमध्ये क आणि ख, त आणि थ हे वेगळे आवाज आहेत. इंग्रजी भाषकांना हा फरक पकडायला अनेकदा वेळ लागतो, मराठी कानाला तो सहज ऐकू येतो. सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, मात्र आपल्यालाही शून्यातून शिकावे लागतात. निघण्याआधी लिपी आणि शंभरपर्यंतचे आकडे एवढं करून जा. आकडे कानाला ओळखता आले की बसचा नंबर, वेळ, रक्कम, मजला ह्यांतलं काहीच अडत नाही.

ह्या वर्गाचा तिला जो फायदा होतो, तो मला आधी सुचलाच नव्हता. माझा नवरा एका संध्याकाळी वहीत लिहून गेला होता: "आमच्या बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात, तेव्हा मला एक अक्षर समजत नाही. ओठ दिसले की समजतं." मी त्या वेळी रोज फळ्याकडे तोंड करून बोलत होते. माझं निरीक्षण करणाऱ्या वरिष्ठांनी हे दोनदा सांगितलं होतं आणि मी मान डोलावली होती. नवऱ्याचं वाक्य वाचल्यावर दुसऱ्या दिवसापासून ते सुटलं. युरोपात २००१ पासून चालत आलेल्या ए१ ते सी२ ह्या भाषाज्ञानाच्या पायऱ्यांमध्ये तुम्ही ए१ वर असाल, अगदी पहिल्या पायरीवर, आणि तिचे बरेच विद्यार्थीही तिथेच असतील. तिथे बसल्यावर कसं वाटतं, हे तिला कुठल्याच प्रशिक्षणात तितकं नीट कळणार नाही. रात्री तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असेल आणि ते तिला ऐकावंसं वाटेल.

आता कामाचं. तुमचा व्हिसा तिच्यावर अवलंबून असलेला असेल आणि अशा व्हिसावर काम करता येतं की नाही, हे देशागणिक बदलतं. जपानमध्ये वेगळी परवानगी काढल्यास अवलंबित जोडीदाराला आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. चीनमध्ये नोकरी करणाऱ्याला झेड व्हिसा मिळतो, तर दीर्घकाळ सोबत राहणाऱ्या जोडीदाराला एस१. त्यावर नोकरी करता येत नाही. तिथे पोचल्यावर राहत्या जागेची पोलिसांकडे २४ तासांत नोंद आणि ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो. तुम्ही जाणार त्या देशाचा नियम संस्थेच्या माणसाच्या तोंडून ऐकून सोडून देऊ नका, त्या देशाच्या वकिलातीच्या पानावर स्वतः वाचा. इथून चालू असलेलं काम तिथून लॅपटॉपवर करता येईल असं समजू नका. पगार परदेशातून येत असला तरी तुम्ही बसलेले त्या देशात असता, आणि अवलंबित व्हिसावर तेही काम धरलं जाऊ शकतं. शिवाय वर्षात तिथे किती दिवस राहता त्यावर कराचा प्रश्न येतो, बऱ्याच देशांत १८३ दिवसांनंतर.

एक गोष्ट तुमच्या बाबतीत हमखास घडणार आहे, म्हणून आधीच सांगते. पत्नी इंग्रजी शिकवते आणि तुम्हालाही बोलता येतं, हे शेजाऱ्यांना कळलं की कुणीतरी विचारेल, आमच्या मुलीशी आठवड्यातून एकदा इंग्रजीत गप्पा माराल का, थोडे पैसे देऊ. साधं, प्रेमाचं विचारणं असतं आणि दिवसभर गप्प बसलेल्या माणसाला ते फार हवंहवंसं वाटतं. मी शिकवलेल्या एका शिक्षिकेच्या नवऱ्याने होकार दिला. चार महिन्यांनी कुणीतरी तक्रार केली. बोलावणं दोघांनाही आलं, आणि तिला संस्थेसमोर खुलासा द्यावा लागला, कारण त्याचा व्हिसा तिच्यावर उभा होता. दंडावर निभावलं. पण त्यानंतरचं आख्खं सत्र ती स्टाफरूममध्ये मान खाली घालून बसायची, हे मी पाहिलं आहे. परवानगी हातात पडेपर्यंत पैसे घेऊन शिकवू नका.

कागदांपैकी सर्वात आधी विवाह प्रमाणपत्र बघा. बहुतेक ठिकाणी तुमचा व्हिसा त्यावरच मिळतो. त्यावरची नावं दोघांच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवीत. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर ह्यात महिना जातो. मग त्यावर अपोस्टील लागेल, म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसारचा प्रमाणित करणारा शिक्का. करारात नसलेल्या देशांसाठी कागद वकिलातीतून प्रमाणित करून घ्यावा लागतो. तिची पदवी आणि प्रमाणपत्रं ह्यांच्यावरही असेच सोपस्कार होतील, तेव्हा दोघांचं एकाच फेरीत उरकून घ्या.

तिच्या करारात मी तीन ओळी शोधल्या असत्या. घर संस्था देते का, आणि नोकरी संपली तर ते किती दिवसांत सोडायचं. आरोग्य विमा तुम्हालाही लागू आहे का, आणि तो पोचल्या दिवसापासून आहे की परीक्षाकाळ (प्रोबेशन) संपल्यावर. तिने मध्येच सोडलं किंवा तिला काढलं, तर व्हिसाचं काय होतं. घर, व्हिसा आणि पगार हे तिन्ही एकाच खुंटीला टांगलेले असतात, हे दोघांना माहीत असायला हवं. म्हणून दोघांची परतीची तिकिटं आणि तीन महिन्यांचा खर्च अशा खात्यात ठेवा जे तुम्हालाही उघडता येतं. तुमच्या नावाचं एक कार्ड तुमच्या खिशात असू द्या. नोकरी सोडून आलेल्या माणसाला दर वेळी पैसे मागावे लागले तर ते तो बोलून दाखवत नाही, पण विसरतही नाही.

पहिल्या आठवड्यात घराचा आणि तिच्या संस्थेचा पत्ता स्थानिक लिपीत लिहून दोघांच्या खिशात ठेवा. फोनची बॅटरी जिथे संपायला नको तिथेच संपते.

राहिला सराव. पडा त्यात, पण परीक्षक म्हणून नाही. नवीन शिक्षकांचे धडे जिथे कोसळतात ती जागा बहुतेक वेळा एकच असते: सूचना. तिला वाटतं तिने स्पष्ट सांगितलं, विद्यार्थी एकमेकांकडे बघत बसतात, ती विचारते "समजलं का?", सगळे हो म्हणतात आणि कुणीच काही करत नाही. तुमचं काम एवढंच: ती जे शब्दशः सांगेल तेच करायचं. "जोडीत बोला" म्हणाली आणि कोणाशी ते सांगितलं नाही, तर हलायचं नाही. "हे वाचा" म्हणाली आणि किती वेळ ते नाही सांगितलं, तर सावकाश शेवटपर्यंत वाचत बसायचं. आधी हे बोलून ठेवा, नाहीतर तिला वाटेल तुम्ही मुद्दाम छळताय. दोन-तीन रात्रींत ती "समजलं का" सोडून "किती मिनिटं आहेत? लिहायचं की बोलायचं? कोणासोबत?" असं विचारायला लागेल, आणि वर्गात त्याचा फरक लगेच दिसेल. पंधरा मिनिटांचं घड्याळ लावा. ते वाजलं की सराव संपला, आणि तिने काढल्याशिवाय त्या धड्याचा विषय तुम्ही काढायचा नाही.

वरिष्ठ वर्गात येऊन बसणार असतील त्याच्या आदल्या रात्री मात्र सराव नको. त्या रात्री ती दहाव्यांदा योजना बदलत असेल, बदलू द्या. तुम्ही कात्री घ्या, चिठ्ठ्या कापा, प्रत्येक संच वेगळ्या लिफाफ्यात घाला. प्रती मोजा: वर्गात चौदा जण असतील तर सोळा प्रती, एक तिच्यासाठी आणि एक मागे बसणाऱ्या वरिष्ठांसाठी. सगळं तिच्या पिशवीत ठेवा, पिशवी दाराशी ठेवा, आणि सकाळी तिच्या आधी उठा.